गडग्याआतले अकरा गुंठे : सड्यावरच्या एका मोकळ्या जागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यालगतचं एक शहर. जुनं गाव खाली खाडीच्या अंगाला, माडांच्या सावलीत. गेल्या चाळीसेक वर्षांत वाढलेली वस्ती वर सड्यावर, जांभ्याच्या कातळावर. हे प्रकरण त्या वरच्या वस्तीतलं आहे. शहराचं, वसाहतीचं आणि माणसांचं नाव इथं दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. गटाचा हिशेब तपासून द्यायला म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेलो आणि पुढची चार वर्षं जात राहिलो. त्यामुळे मी अगदी तिऱ्हाईत आहे असं म्हणता येणार नाही.

वसाहत दोन डझन प्लॉटची. नोकरदार, निवृत्त शिक्षक, दोन-तीन बंद घरं, ज्यांची कुलपं गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. वसाहतीच्या एका कडेला अकरा गुंठ्यांचा मोकळा तुकडा. पावसाळ्यात त्यावर कमरेएवढं गवत, आणि नोव्हेंबरनंतर तेच गवत वाळून काडी लागायची वाट पाहत असलेलं. कोणीतरी जुनं घर पाडलं तेव्हा त्याचं डबर इथं आणून टाकलं. त्यावर बाटल्या, गाद्या, फुटलेली कौलं. हे सगळं हळूहळू झालं, त्यामुळे कोणाला एका दिवशी खटकलं असं नाही.

खटकलं ते एका संध्याकाळी. चेंडू शोधायला डबरात हात घातलेल्या सातवीतल्या मुलाला फुरसं चावलं. वेळेत सिव्हिलला नेलं, लस मिळाली, मुलगा वाचला. सड्यावर फुरसं नवीन नाही. दगडाच्या सापटीत ते असणारच. पण त्या रात्री वसाहतीतले लोक पहिल्यांदा एका ओटीवर एकत्र बसले. त्या बैठकीतून बारा-तेरा जणांचा गट तयार झाला. त्यात निवृत्त मुख्याध्यापिका होत्या (सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणेन), एक वीज मंडळातले अण्णा, बचत गटाच्या दोन काकू, आणि कॉलेजातली चार-पाच मुलं.

अडचण नेमकी कुठं होती

गटाला वाटत होतं की अडचण कचऱ्याची आहे. नगरपरिषदेकडे आधी तीन अर्ज गेले होते. दोनदा ट्रॅक्टर येऊन गेला, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात जागा होती तशी झाली. मोकळी, बिनकुंपणाची, कोणाचीच नसलेली जागा साफ केली की ती कचरा टाकायला आणखी सोयीची होते.

खरा प्रश्न बाईंनी विचारला, आणि तो विचारायला तीन बैठका लागल्या. जागा कोणाची?

कोणी म्हणालं नगरपरिषदेची, कोणी म्हणालं लेआउट पाडणाऱ्याची. अण्णांचं ठाम मत होतं की ती बागेसाठी आरक्षित आहे. शेवटी मंजूर लेआउटचा नकाशा आणि मिळकत पत्रिका मागवली. त्यात निघालं ते असं. अकरापैकी साधारण साडेसहा गुंठे लेआउटची खुली जागा, म्हणजे प्लॉट पाडताना सर्वांच्या वापरासाठी सोडावी लागते ती. मोठ्या लेआउटमध्ये अशी जागा क्षेत्राच्या १० टक्के सोडण्याचा नियम आजच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही आहे. उरलेले साडेचार गुंठे चक्क एक खाजगी प्लॉट. मूळ मालक वारलेले, वारस चार. एक भाऊ डोंबिवलीला, एक विरारला, एक पुण्यात, आणि बहीण लग्न होऊन गोव्यात.

दोन्हींच्या मध्ये ना गडगा, ना खांब, ना साधा दगड. चाळीस वर्षं सगळ्यांनी तो एकच तुकडा मानला होता. आणखी एक गुंता होता. खुली जागा कागदावर अजून लेआउट पाडणाऱ्याच्याच नावावर होती, नगरपरिषदेच्या ताब्यात रीतसर गेलेलीच नव्हती. कोकणातल्या छोट्या शहरांत हे किती सर्रास आहे ते सिटी सर्व्हेच्या कचेरीत एक दिवस बसलं की कळतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नगरपरिषदेच्या बागेचा. पेव्हर ब्लॉक, दोन-चार व्यायामाची यंत्रं, हिरवळ, कमान. निधी आला तर होईल, कधी येईल ते सांगता येत नाही. हिरवळीला एप्रिलमध्ये पाणी कुठून आणणार याचं उत्तर कोणाकडं नव्हतं. शहरात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं.

दुसरा पर्याय कॉलेजातल्या मुलांनी आणला. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून तीन गुंठ्यांवर मियावाकी पद्धतीचं घनवन. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत: जमीन मीटरभर खोल खणून, भुसभुशीत करून, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार स्थानिक रोपं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं, पुढं जंगल आपलं आपण वाढतं. तीन गुंठ्यांत नऊशे रोपं बसली असती. देणगीदार रोपं, माती आणि दोन वर्षांचं टँकरचं पाणी द्यायला तयार होता. अण्णांनी कागदावर हिशेब मांडला: तीनशे चौरस मीटर, एक मीटर खोल, म्हणजे शंभराहून जास्त ब्रास जांभा फोडायचा. ब्रेकरचं भाडं देणगीत नव्हतं. शिवाय घनवनात माणूस शिरत नाही. मुलं खेळणार कुठं, आणि शिमग्याचा होम कुठं लावायचा?

हा होम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. वसाहत नवी असली तरी ती ज्या वाडीच्या जमिनीवर वसली त्या वाडीचा होम पूर्वीपासून याच तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात लागायचा. पालखी तिथं टेकायची. मानकऱ्यांना न विचारता त्या कोपऱ्यात एक रोप जरी लावलं असतं, तरी पुढचं सगळं तिथंच थांबलं असतं. बाईंना हे कळत होतं. गटाची पहिली अधिकृत भेट मुख्याधिकाऱ्यांच्या आधी मानकऱ्यांशी झाली. त्यांनी एकच अट घातली: कोपरा मोकळा ठेवा, आणि वाट बुजवू नका.

तिसरा पर्याय गटाने स्वतःच, हळूहळू, थोडी आणि मोठी होणारी झाडं लावायचा. मध्ये मुलांना मोकळी पट्टी, वर होमाचा कोपरा, बाकी कडेनं सावली. हाच निवडला गेला.

घनवन नाकारण्याबद्दल माझी अजून दोन मतं आहेत. जागेच्या वापराच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता. पण त्या देणगीबरोबर दोन उन्हाळ्यांचं पाणी येणार होतं, आणि तेही आपण परत पाठवतोय हे त्या बैठकीत कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. देणगीदाराला ‘एवढी झाडं नकोत, पाणी मात्र द्या’ असं विचारून तरी बघायला हवं होतं.

चौथा पर्याय बचत गटाच्या थोरल्या काकूंनी सुचवला. खुल्या जागेत झाडं लावा, पण खाजगी प्लॉटवर नुसती पावसाळी भाजी करा: पडवळ, दोडकी, तवसं, लाल माठ. “दुसऱ्याच्या जागेत चार महिन्यांचंच लावावं,” त्या म्हणाल्या. चर्चा दोन मिनिटांत संपली. अकरा गुंठे सलग हिरवे झाले पाहिजेत असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. या सूचनेकडं पुढं परत यावं लागणार आहे.

कागद

गट नोंदणीकृत नव्हता. नवी संस्था नोंदवायची तर धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या, घटना, दरवर्षीचे हिशेब. म्हणून वसाहतीच्या जुन्या, नोंदणी असलेल्या उत्सव मंडळाच्या नावानं व्यवहार करायचं ठरलं. सोयीचं होतं. पण मंडळाच्या खजिनदाराला बागेतलं काही माहीत नसायचं आणि बागेच्या लोकांना खात्यात किती पैसे आहेत ते कळायचं नाही. माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो या घोळामुळे.

नगरपरिषदेवर तेव्हा राज्यातल्या अनेक नगरपरिषदांसारखा प्रशासक होता. त्यामुळे सभेतली भाषणं टळली, एका सहीवर काम होणार होतं. बाईंनी अर्जाची वेळही नीट साधली. ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे, त्यात नगरपरिषदांना हरित क्षेत्रासाठी गुण मिळतात. आकडे भरायच्या सुमारास अर्ज गेला, आणि खुल्या जागेच्या देखभालीची परवानगी तीन आठवड्यांत आली. लेआउट पाडणाऱ्याच्या मुलाकडून ना-हरकत घेतली ती वेगळी.

खाजगी प्लॉटचं मात्र सोपं नव्हतं. डोंबिवलीच्या थोरल्या भावाला अण्णांनी फोन केला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, “आज झाडं लावाल, उद्या म्हणाल कूळ लागलं. मग आम्ही कुठं जायचं?”

कोकणात जमिनीबद्दल बोलताना हे वाक्य कधी ना कधी येतंच. १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो दिवस), आणि त्यात कोणाचं काय गेलं, कोणाला काय मिळालं, हे प्रत्येक घराला पाठ आहे. या भावांच्या आजोबांची भाताची खाचरं त्यात गेली होती. गटातल्या दोघांचे आजोबा त्याच कायद्यानं मालक झाले होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तोच इतिहास बसला होता.

गटानं वकिलाचा सल्ला घेतला. ते म्हणाले, कूळ कायदा शेतजमिनीचा, हा प्लॉट बिनशेती झालेला, तेव्हा ती भीती सोडा. बारा वर्षं जागा ताब्यात ठेवून कोणी मालकी सांगेल, म्हणजे प्रतिकूल कब्ज्याची, भीती असेल तर लेखी परवानगी हाच तिच्यावरचा उतारा. मालकाच्या परवानगीनं वापरलेली जागा प्रतिकूल कब्ज्यात धरली जात नाही. पण तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे, परवानगी घेतलेल्यानं त्या परवानगीच्या भरवशावर स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर मालकाला ती परवानगी सहजासहजी मागं घेता येत नाही. मालकाला घाबरायचं खरं कारण असेल तर ते हे आहे, आणि ते तुम्ही आपणहून सांगून मिटवा.

त्याप्रमाणे कागद झाला. परवानगी वर्षापुरती, दरवर्षी नवी. कुठलंही पक्कं बांधकाम नाही. मालकानं लेखी कळवलं की तीन महिन्यांत जागा मोकळी करून द्यायची. लावलेल्या झाडांवर, फळांवर, केलेल्या खर्चावर गटाचा हक्क नाही. आणि शेवटी एक ओळ: मालकानं झाडं तोडण्याची परवानगी मागितली तर गट हरकत घेणार नाही. ही ओळ घालावी की नाही यावर मुलं आणि बाई यांच्यात खडाजंगी झाली. बाईंनी घातली.

कुंपणाचा प्रश्नही याच कागदानं सोडवला. सिमेंटची भिंत नको म्हणून पडून असलेल्या डबरातले चिरे काढून सुका गडगा रचला. गारा नाही, चुना नाही, मनात आलं तर उचलून नेता येतो. एका दगडात दोन गोष्टी झाल्या: फुरशांची सापट गेली आणि उनाड गुरं थांबली. (गडग्यातही सापट असतेच, हे काकूंनी लगेच लक्षात आणून दिलं. म्हणून मुलांची पट्टी गडग्यापासून लांब ठेवली आणि गडग्याच्या पायथ्याचं गवत कायम कापलेलं राहील असं ठरलं.)

तीन भावांच्या सह्या मे अखेर आल्या. बहिणीची आली नाही. “तिचं आम्ही बघतो,” थोरला भाऊ म्हणाला. मिरग तोंडावर होता. थांबायचं तर एक पूर्ण पावसाळा हातचा जाणार. गटानं तीन सह्यांवर लावणी केली.

ऑगस्टमध्ये गोव्याहून पत्र आलं. पत्र लहान होतं आणि त्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त झोंबलं: या जागेत माझाही हिस्सा आहे, मला कोणी विचारलं? गौरी-गणपतीत ताई माहेरी आल्या तेव्हा बाई आणि धाकट्या काकू त्यांना जाऊन भेटल्या, चूक कबूल केली. ताईंनी सही दिली, एका अटीवर. दरवर्षीच्या कागदाची प्रत भावांच्या हातून नको, थेट त्यांच्या पत्त्यावर यायला हवी.

लावणी आणि पहिलं वर्ष

रोपं बासष्ट. खुल्या जागेत चव्वेचाळीस, खाजगी प्लॉटवर अठरा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत त्या वेळी गुलमोहर भरपूर होता, पण मे २०२१ च्या तौक्ते वादळात आडवे झालेले गुलमोहर लोकांच्या डोळ्यांसमोर होते. खाऱ्या वाऱ्याला टिकतील अशी उंडी, करंज आणि पारोसा भेंडी पश्चिमेच्या कडेला घेतली. आत बकुळ, ताम्हण, बहावा, नागकेशर, जांभूळ, आणि बायकांच्या आग्रहानं चार सुरंगी. कोकमाची कलमं घेतली, कारण बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि नर झाडाला रातांबा धरत नाही. हापूस मुद्दाम लावला नाही. हापूस आला की मोहोर कोणी फवारायचा, फळ कोणाचं आणि लिलाव कधी, यातून दुसरं प्रकरण उभं राहिलं असतं.

खड्डे मीटरभर लांब, रुंद आणि खोल, आंब्याच्या कलमाला काढतात तसे. ब्रेकर लावून जांभा फोडला, तांबडी माती आणि शेणखत भरलं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी झाली. फोटो निघाले.

पहिली अकरा रोपं भर पावसात मेली.

जुलैत पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मुलांना वाटलं खत कमी पडलं. आणखी खत घातलं. ती बातमी खालच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या कानावर गेली. ते काठी टेकत वर आले, एका खड्ड्यात पहार खुपसली. वर माती, आत चिखल, त्याखाली नुसतं पाणी. “चिऱ्यात बादली कोरलीत आणि झाड बुडवलंत,” एवढं बोलून ते परत निघाले. अखंड कातळात खणलेल्या खड्ड्याला निचरा नसतो. इथं चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तो प्रत्येक खड्ड्यात साठत होता. मागोमाग जाऊन विचारल्यावर त्यांनी उपाय सांगितला: खड्ड्याची उताराकडची कड फोडून चर काढा, आणि माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. कातळावरच्या प्रत्येक बागायतदाराला हे माहीत असतं. गटात मात्र एकही बागायतदार नव्हता, आणि लावणीआधी खाली गावात जाऊन विचारावं असं कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही सगळे इंटरनेटवर वाचत होतो.

मग उन्हाळा. अण्णांचा हिशेब असा होता: झाडामागं आठवड्याला दोनदा वीस लिटर, बासष्ट झाडांना अडीच हजार लिटर, डिसेंबर ते मिरग सव्वीस आठवडे, म्हणजे पासष्ट हजार लिटर. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडतं, मग चिंता कसली? चिंता साठवणीची. पैसे जमले ते पाच-पाच हजारांच्या दोन टाक्यांपुरते. ते पाणी महिनाभर पुरलं, जानेवारीत संपलं. शेजारची विहीर मार्चमध्ये खडखडीत झाली. कडेच्या चार घरांनी मोरीचं पाणी पाइपनं सोडलं, त्यावर जवळची दहा-बारा झाडं तगली. लांबच्यांना चार वेळा टँकर आणला, त्यासाठी घरटी पाचशे रुपये काढले. बुंध्याशी मडकी पुरली, वर नारळाची सोडणं आणि पालापाचोळा घातला. त्या आच्छादनातून वाळवी वर आली आणि तिनं पाच रोपं खाल्ली. नंतर बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवून पलीकडं आच्छादन घातलं, तेव्हा ते थांबलं.

मेअखेर सदतीस जिवंत. गटातले दोघे सोडून गेले. जूनमध्ये वीस रोपं पुन्हा लावली, या वेळी चर काढून, आणि फक्त पाणी पोचेल तिथं.

तिसरं वर्ष

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर एकावन्न झाडं उभी होती. त्यातली चौदा खाजगी प्लॉटवर, आणि योगायोगानं तीच सगळ्यांत जोमदार, कारण मोरीचं पाणी त्याच बाजूला उतरत होतं. करंज डोक्याच्या वर गेला होता. त्या दिवाळीनंतर थोरल्या भावाचं पत्र आलं. चौघांनी प्लॉट विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईक ठरलं होतं, कागदाप्रमाणे तीन महिन्यांत जागा मोकळी हवी.

प्रकरणातला सगळ्यांत अवघड निर्णय इथं होता. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते स्वतःच्या प्लॉटवर का असेना. मुलांनी कायदा वाचला होता. हरकत घेतली असती, वर्तमानपत्रात फोटो आला असता, तर विक्री निदान वर्षभर रखडली असती. कदाचित गिऱ्हाईकही पळालं असतं. तीन वर्षं पाणी घातलेल्या झाडांसाठी एवढं करणं वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी मुलांच्या बाजूनं बोललो होतो.

बाईंनी कागद काढला आणि ती शेवटची ओळ वाचून दाखवली. एक मुलगा म्हणाला, ती ओळ कोर्टात टिकेल की नाही ते बघू. बाई म्हणाल्या, “कोर्टात टिकली नाही तरी माझी सही आहे ती.”

मतं घेतली. सात विरुद्ध चार, हरकत घ्यायची नाही. चारांतले दोघे पुढं बागेत आले नाहीत. त्यातला एक सगळ्यांत मेहनती होता.

प्लॉट घेणाऱ्याशी बोलणं झालं. कडेचे दोन करंज त्यानं आपणहून ठेवले, कारण ते घराच्या रेषेबाहेर होते. सहा लहान झाडं मुळाशी मातीचा गड्डा ठेवून खुल्या जागेत हलवली. वेळ मात्र चुकली होती. मुदत संपत होती म्हणून फेब्रुवारीत हलवावी लागली, त्यातली दोनच जगली. उरलेली सहा रीतसर परवानगी घेऊन मालकानं तोडली. त्या दिवशी बागेत कोणी गेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थोरल्या काकूंचं ऐकायला हवं होतं, हे पहिलं. साडेचार गुंठ्यांवर भाजी केली असती तर मोरीचं पाणीही वाया गेलं नसतं आणि तिसऱ्या वर्षी फक्त मांडव काढावा लागला असता. तोच पाइप खुल्या जागेकडं वळवला असता तर तिथली झाडं त्या करंजांएवढी झाली असती. सलग हिरव्या तुकड्याच्या ओढीनं आमची सगळ्यांत चांगली झाडं सगळ्यांत कच्च्या जागेवर वाढली.

बहिणीच्या सहीसाठी थांबायला हवं होतं की नाही, यावर गटात आजही एकमत नाही. अण्णा म्हणतात, पावसाळा गेला असता. माझं मत: खुल्या जागेत तिच्या सहीची गरजच नव्हती. तिथं लावणी करून खाजगी भाग वर्षभर पडू दिला असता तर काही बिघडत नव्हतं.

बासष्ट हा आकडा खड्ड्यांवरून ठरला, पाण्यावरून ठरायला हवा होता. दहा हजार लिटर साठवण आणि चार घरांच्या मोऱ्या, यावर पहिल्या वर्षी पंचवीस झाडं नीट जगली असती. पण पंचवीस झाडांसाठी अकरा गुंठ्यांत इतकी माणसं जमली असती का, तेही सांगता येत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर बागेचं वेगळं खातं दुसऱ्या वर्षी उघडलं. ते पहिल्या महिन्यात उघडलं असतं तर खजिनदारांशी झालेला अबोला टळला असता.

सध्या

खुल्या जागेत एकोणचाळीस झाडं आहेत. पश्चिमेच्या उंडीनं वारा अडवायला सुरुवात केली आहे. ताम्हण यंदा पहिल्यांदा फुलला, मे महिन्यात, अगदी मोजके घोस. सुरंगी अजून कमरेएवढ्याच आहेत. त्यांना घाई नसते हे लावतानाच माहीत होतं. होमाच्या कोपऱ्याभोवतीचं गवत शिमग्याआधी कापून जाळरेषा काढतात, पाण्याचं पिंप भरून ठेवतात. डबर कोणी टाकत नाही. गडग्यात एक वड आपणहून उगवला आहे आणि तो ठेवायचा की काढायचा यावर वाद चालू आहे.

पलीकडच्या आळीत आठ गुंठ्यांचा आणखी एक बंद प्लॉट आहे. त्याचा मालक ठाण्याला असतो, आणि आधीचा प्लॉट ज्यानं घेतला त्याचा तो मावसभाऊ. झाडं कशी काढून दिली ते त्याला तिथून कळलं होतं. गणपतीत तो आपणहून बाईंकडं आला आणि तोच कागद करू म्हणाला. काकूंनी तिथं काय लावायचं ते आधीच ठरवलंय: पडवळ आणि तवसं. बहिणी किती, त्यांचे पत्ते कुठले, हे या वेळी बाईंनी पहिल्याच भेटीत लिहून घेतलं. खुल्या जागेच्या मोजणीचे पैसे भरले आहेत. पाऊस उघडला की मोजणीदार येणार आहे.